संदेश सर्वांना

आमची पहिली भेट टेबलाखाली झाली. मी खुर्ची पुढे ओढली आणि खालून आवाज आला, “अहो... चाक माझ्या बोटांवर आहे.”

बस आगाराच्या कंट्रोल रूममध्ये तेव्हा सगळं वेगवेगळं होतं. ड्रायव्हरांचे वायरलेस, स्थानकांचे फोन, फलाटांवरचे फलक. हे सगळं एकाच पडद्यावर आणायला त्याच्या कंपनीनं त्याला पाठवलं होतं. माझं टेबल उचकटणारा माणूस मला आवडणार नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

पण आलेल्या संदेशाला त्याच वाटेनं उत्तर द्यायचं, हा आगाराचा नियम. चाचणीलासुद्धा.

“चाचणी. आवाज पोचतो का?”

“पोचला.”

“चाचणी. राग गेला का?”

“...अर्धा.”

“उरलेला कुठल्या वायरीत अडकलाय, बघू?”

मी हसले आणि तिथेच फसले.

बाबा आमच्याच आगारात ड्रायव्हर. त्यांना आमचं कळलं. “आज इथे, उद्या तिथे. पायाला भिंगरी लावलेल्या माणसाला मुलगी देऊ?”

“तुमच्या पायाला तर चाकं आहेत, बाबा. आईनं केलाच ना संसार?”

तेव्हापासून घरात अबोला. वायरलेसवर मात्र त्यांना माझ्याशी ‘कंट्रोल’ म्हणून बोलावंच लागे.

शेवटच्या दिवशी त्यानं सगळ्या वाटा एकत्र जोडल्या. शेवटची चाचणी फक्त माझ्या पडद्यावर यायची होती. पण ‘सर्वांना’ची खूण काढायची राहिली...

“चाचणी. कंट्रोल, माझ्याशी लग्न करशील?”

फलाटावरच्या प्रत्येक फलकावर ते झळकलं. बसमधल्या वायरलेसनं मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

आगारप्रमुख धावत आले. “ताबडतोब लिही, तांत्रिक बिघाड, दुर्लक्ष करावे.”

तो पांढराफटक पडला होता. “लिहून टाक. बाबांसमोर तुझी शोभा नको.”

मला दोघांचाही संताप आला. मला आजवर कुणी विचारलेला सगळ्यात सरळ प्रश्न – आणि त्याला बिघाड म्हणायचं?

“नियम तुमचाच आहे, साहेब. आलेल्या वाटेनं उत्तर.” मी लिहिलं, ‘मिळाला. हो.’ आणि ‘सर्वांना’ दाबलं.

ड्रायव्हरांच्या पोचा येऊ लागल्या. कुणी हसत, कुणी हॉर्न वाजवत. बाबांची मात्र येईना. मी माइक ओढला.

“बाबा, पोच द्या. नियम आहे.”

खरखर...

“कंट्रोल, संदेश मिळाला.” बाबा खाकरले. “गाडी आगारात येतेय. चहा टाक. तिघांचा. आणि त्या वायरवाल्याला सांग, पळू नकोस म्हणावं.”

तो पळणार कसा? आगारप्रमुखांच्या देखत मी त्याची बोटं धरून ठेवली होती – चाकापेक्षाही घट्ट.