पाठमोरी वीणा

"छत्री त्याच्यावर धरा! तुमच्यावर नको हो... त्याच्यावर!"

व्हिएन्नातल्या 'डी' क्रमांकाच्या ट्रामच्या थांब्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली, तेव्हा कुठे हर्मीनाला कळलं की आपण ओरडलो. समोरचा तरुण जागीच थिजला होता. त्याच्या कवेत आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं. टॉवेल एका बाजूने घसरला होता आणि आतून डोकावणाऱ्या पिवळट कागदावर पावसाचे थेंब पडत होते.

"हे... हे बाळ नाहीये," तो म्हणाला.

"बाळ असतं तर एवढी घाबरले नसते. बाळाचा रंग पाण्याने जात नाही!"

तिने गळ्यातला रुमाल काढला आणि थेंब हलकेच टिपले. कागदावर पंख पसरलेला एक हंस होता, अंगभर तारे ल्यायलेला. तारागोल! जुने कारागीर असे गोल जोडीने करत — एक पृथ्वीचा, एक आभाळाचा. हर्मीनाच्या छातीत धडधडायला लागलं. गोलामुळेच, असं तिने स्वतःला बजावलं.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" त्याने विचारलं.

"असल्या रोग्यांची."

"मग देवच पावला म्हणायचा. मी कायेटान. नुस्डॉर्फला आमच्या द्राक्षमळ्यात छोटी खानावळ आहे. माळ्यावर जोडी सापडली. पृथ्वी ठणठणीत आहे, पण आभाळाला उंदीर लागले."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटायचा. हर्मीनाने ते बघितलं आणि उगाचच ट्रामच्या रुळांकडे नजर वळवली.

आमच्या व्हिएन्नात पदव्या द्यायला कुणाचं काही जात नाही. त्या दिवसापासून ती त्याची 'डॉक्टरीणबाई' झाली.

डॉक्टरीणबाईंची खरी अवस्था मात्र निराळी होती. योझेफश्टाट भागातल्या झ्वेटलरबाईंच्या, जुने गोल दुरुस्त करायच्या कारखान्यात ती शिकाऊ होती, आणि बाई म्हणजे जमदग्नीचा अवतार. "हा गोल तू एकटीने करायचास," त्यांनी सांगितलं. "जमला तर माझ्याकडे कायमची. नाही जमला तर ब्लुडेन्झची गाडी पकडायची." ब्लुडेन्झला वडिलांचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं. आईने गल्ल्यामागची खुर्ची तिच्यासाठी पुसून ठेवली होती, आणि त्या खुर्चीची हर्मीनाला स्वप्नातसुद्धा धास्ती वाटायची.

कायेटान दर आठवड्याला रोग्याच्या समाचाराला यायचा. कधी खसखशीचा श्ट्रुडेल, कधी गरम भाजलेले चेस्टनट.

"रोग्याला चालतं का हे?"

"रोग्यापासून लांब ठेवा ते! तेलकट बोटं मागे घ्या!"

"डॉक्टरीणबाईंना तरी चालतं ना?"

"...ठेवा तिकडे. खिडकीत."

तो तासभर बसायचा. कापसाच्या बोळ्याने जुना पिवळा रोगण ती कणाकणाने काढायची आणि खालून निळंसर आभाळ उघडत जायचं. दर बोळ्याला तिला वाटायचं — रंग सुटला तर? कागद फाटला तर? आणि त्याहून वाईट भीती अशी, की तिला ती कुणाजवळ बोलताही येत नव्हती. गोल बिघडला तर ती जाणार होती. आणि बरा झाला तर तो! मग समाचाराला यायचं निमित्त कुठलं? तिचा हात मंदावला होता. बाई म्हणायच्या, "गोगलगाय बरी तुझ्यापेक्षा."

शेवटी राहिलं एक भोक. हंसाच्या शेजारी, तळहाताएवढं. तिथली अख्खी वीणा, म्हणजे त्या नावाचा तारकासमूह, उंदरांनी खाऊन टाकली होती. नवा कागद चिकटवून त्यावर वीणेचे तारे काढायचे, एवढंच काम उरलं.

"वीणा?" कायेटान म्हणाला. "ती तर रोज आमच्या मळ्यावर असते. या ना... अंधार पडताना छान दिसते."

ती गेली. वेलींच्या रांगांमधून चढताना तिचा बूट चिखलात रुतला. त्याने हात दिला, आणि बूट निघाल्यावरही सोडला नाही. वर पश्चिमेला एक निळा-पांढरा तारा लखलखत होता.

"तो अभिजित, वीणेतला सगळ्यात तेजस्वी तारा. त्याच्या डावीकडे तो छोटासा तिरका चौकोन... दिसला?"

"हो."

"तुम्ही माझ्याकडे बघताय."

"तुम्ही मध्ये येताय!" ती फणकारली. अंधारात तिचे कान गरम झाले होते, आणि परतीच्या ट्राममध्ये ते तसेच गरम राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने वीणा रंगवली. त्याच कारागिराच्या दुसऱ्या एका तारागोलाचा फोटो टेबलावर होता, पण त्याच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. कशाला? डोळे मिटले की अभिजित समोर होता, आणि डावीकडे तो चौकोन. ब्रश आपोआप चालत होता. इतकं सहज काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी कायेटान सकाळीच हजर झाला. हातात फुलं होती, आणि ती कुठे ठेवावीत हे त्याला कळत नव्हतं.

"झालं म्हणे काम," तो म्हणाला. आवाज काही केल्या आनंदी वाटेना.

"झालं," ती म्हणाली. तिचाही नाही.

झ्वेटलरबाईंनी चष्मा चढवला, भिंग उचललं. गोल हळूहळू फिरू लागला. अस्वल गेलं, नाग गेला, हंस आला... आणि हर्मीनाला आत्ता कुठे दिसलं.

वीणा पाठमोरी होती!

आभाळ आपण आतून बघतो, खालून. तारागोलावर तेच आभाळ बाहेरून दिसतं, म्हणून सगळं उलट — डावं ते उजवं. कारखान्यातला पहिला धडा. तिचा चौकोन हंसाकडे झुकायला हवा होता, आणि तो दुसरीकडेच तोंड करून बसला होता. शेजारी हंस ढळढळीत असून तिला दिसलं नव्हतं! ब्लुडेन्झची खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

बाईंचं भिंग वीणेवर थांबलं. थांबूनच राहिलं.

"हे फोटोवरून काढलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"नाही, बाई."

"मळ्यात उभं राहून, मान वर करून बघितलंय कुणीतरी." त्यांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे बघितलं, मग फुलांकडे. "एकटीने?"

"चूक माझी आहे," कायेटान पुढे झाला. "मीच दाखवली. डॉक्टरीणबाईंना कामावरून काढू नका. मी... गोल असाच घेऊन जातो. मला असाच आवडतो."

"तुमच्या आवडीला कोण विचारतंय? माझ्या कारखान्यातून उलटं आभाळ बाहेर जाणार नाही." बाई हर्मीनाकडे वळल्या. "हे निघेल का?"

"निघेल. पाण्याने सुटेल, बाई. खालच्या कागदाला धक्का लागणार नाही."

"मूळ कागद न दुखावता पुसता येते, ती चूक मला चालते. काढ. आणि फोटो समोर ठेवून पुन्हा कर."

म्हणजे... गाडी पकडायची नव्हती? ओल्या ब्रशने हर्मीना कागदाची कड भिजवू लागली. ब्रशचं टोक कडेवरून दोनदा घसरलं. कायेटान अगदी जवळ उभा राहिला.

"किती वेळ लागेल याला?" त्याने हळूच विचारलं.

"दोन दिवस."

"एवढेच?"

तिने वर बघितलं. तो हसत नव्हता. तिच्या भीतीचं त्याच्या डोळ्यांत जसंच्या तसं प्रतिबिंब होतं, आणि इतके आठवडे तिला ते दिसलं नव्हतं.

"मला हा गोल बरा व्हायलाच नको होता," ती म्हणाली. बाई ऐकताहेत हे ठाऊक असूनही म्हणाली. "बरा झाला की तुम्ही यायचे थांबाल म्हणून. रोज मुद्दाम हळू करत होते. मला... मला तुम्ही हवे आहात, कायेटान."

फुलं टेबलावर पडली.

"आणि मी," कायेटान म्हणाला, "मी रोज देवाला म्हणायचो, आणखी एक उंदीर पाठव."

"पुरे!" झ्वेटलरबाईंनी हर्मीनाच्या हातातून ब्रश काढून घेतला. "असल्या हातांनी माझ्या गोलाला शिवायचं नाही. चला, बाहेर व्हा दोघं. उद्या सकाळी वेळेवर ये. उद्याच नाही, रोजच ये."

हर्मीना अ‍ॅप्रन न काढताच बाहेर पडली. जिन्यात त्याने तिचा हात धरला, आणि मागून बाईंचा आवाज आला, "दार लावा! कागदाला वारा लागतो!"

ते तिला ऐकूच आलं नाही.