बारा कोयते

तात्यांची शिट्टी वाजवायची नाही. आणि का, हे विचारायचं नाही.

मोहिनीला समज आली तेव्हापासून हा नियम घरात होता. शिट्टी पितळेची, दारामागच्या खिळ्याला काळ्या दोरीने लटकवलेली. आप्पाराव तात्या म्हणजे तिच्या वडिलांचे चुलते. वीस वर्षं ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. पाच वर्षांची असताना मोहिनीने ती शिट्टी एकदा तोंडाला लावली, तर वडिलांनी, तानाजींनी, कानाखाली दिली होती. एरवी त्यांनी कधी बोटसुद्धा लावलं नाही. आता ती बावीस वर्षांची होती, बीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकून आली होती, आणि नियम अजून खिळ्यालाच होता.

बावीस मार्च, शनिवार. शिरूर कासारात रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. आई माजलगावला मावशीकडे गेलेली. अंगणात बाजेवर आजी छबुबाई, उंबऱ्यावर तानाजी, पायरीवर मोहिनी, आणि शेजारची करिष्मा दोन-चार पोरी घेऊन तात्यांच्या पायाशी.

"तात्या, भुताची सांगा."

"भुताची कशाला? घडलेली सांगतो. माझ्या वळखीचा एक मुकादम व्हता, युसूफ वडगाव गावचा. त्याची टोळी कोल्हापूरच्या पल्याड, घाटाच्या अंगाला गेलती. तिथलं रान कधी वाळत न्हाई बघा. खोडाखोडाला शेवाळ, दिवसाबी धुकं. एका गावचा फड उरकला, रातीतच दुसऱ्या गावी जायचं व्हतं. ट्रॅक्टरवर बारा कोयते."

"म्हणजे चोवीस माणसं," करिष्मा म्हणाली. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे शिरूरच्या पोरांना शिकवावं लागत नाही.

"चोवीस. वरनं पोरंसोरं. ती कोण मोजतंय? एका कोयत्यासंगं तान्हं लेकरू व्हतं. त्याला सांभाळाया त्या गड्याची बहीण आलती, तेरा वर्षांची. लई गुणाची पोर. अन् तोंडानं शीळ अशी घालायची, की मुकादमाची शिट्टीच वाजली वाटावं. तीन आखूड, एक लांब. गाडी निघायची खूण व्हती ती."

"मग?"

"अकराच्या सुमाराला घाटात झऱ्यापाशी गाडी थांबली. पाण्याचे कॅन भरायचे, बाकी काई न्हाई. भरले. मुकादमानं शिट्टी वाजवली. समदे चढले. त्यानं कोयते मोजले. बारा. गाडी निघाली."

रस्त्यावरचं एक कुत्रं भुंकता भुंकता गप्प झालं.

"एक वळण गेलं. मागनं शीळ आली. तीन आखूड... एक लांब."

"ती पोरगी!"

"मुकादम बोलला, पाखरू हाय. हाक बे गाडी. असतंय त्या रानात असलं पाखरू. मुठीत मावंल एवढं. निळं, पोट पांढरं. ऐकंल ते बोलतंय... दुसरं वळण गेलं. शीळ. तिसरं वळण. शीळ. बारीक होत गेली. मग..."

एक पोरगी तात्यांच्या पायापासून मागे सरकली.

"सकाळी माणसं धाडली. झऱ्याकाठी फांदीवर दुपटी वाळत घातलेली. नीट, एकापुढं एक. पोरगी न्हाई. फांदीवर तेवढं पाखरू. तीन आखूड, एक लांब. तवापासनं ती शीळ मुकादमाच्या मागं हाय. म्हणून सांगतो पोरींनो, रातच्याला शीळ आली तर वळायचं न्हाई. ओ द्यायची न्हाई."

"वा!" मोहिनी म्हणाली. "पोरीला रानात टाकून गेला मुकादम, आणि भ्यायचं पोरीला?"

"गोष्ट हाय गं ती."

"घडलेली म्हणालात ना? आणि तिचा भाऊ? तो काय झोपला होता?"

"तुला समद्यात कावून तोंड घालायचं असतं?" उंबऱ्यावरून तानाजी म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात शीळ आली.

रस्त्याच्या अंगाने. बाभळींतून. तीन आखूड.

एक लांब.

"पाखरू हाय," तात्या म्हणाले.

फार लवकर म्हणाले. कुणी विचारायच्या आत. बावीस वर्षं शब्द तोंडात तयार ठेवल्यासारखे.

मोहिनी त्यांच्याकडे बघत राहिली. "तात्या, ते पाखरू ओल्या डोंगररानाबाहेर जगत नाही. इथे बाभळीवर काय खाईल ते?"

तात्यांनी दाराकडे पाहिलं.

घरात एक नाव होतं, वर्षातून एकदा नैवेद्यापुरतं निघणारं. विजयमाला आत्या. ऊसतोडीला गेली होती. तापाने गेली.

"पप्पा, विजयमाला आत्या किती वर्षांची होती?"

उत्तर छबुबाईने दिलं. बाजेवरून, हळू.

"तेरा." मग बाजेची दोरी चाचपत, "तापानं गेली म्हनले. तिकडंच जाळली म्हनले. मला तोंडबी..."

मोहिनी वडिलांकडे वळली.

"पप्पा. ते तान्हं कोण होतं?"

"तू." तानाजींनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तुझी दुपटी धुवाया उतरली व्हती ती."

"तुम्हाला शीळ ऐकू आली होती?"

"तात्या म्हनले... पाखरू हाय."

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

शीळ आली. आता जवळून. फाटकापाशी.

करिष्माने पोरींना पोटाशी धरलं. मोहिनी उठली. दारामागे गेली. खिळ्यावरची शिट्टी काढली.

"ठेव ती," तात्या म्हणाले. "वाजवायची न्हाई."

तिने तोंडाला लावली. फुंकली. आवाज नाही. आत काहीतरी अडकलं होतं. तिने मोबाईलचा उजेड धरला आणि शिट्टी तळहातावर आपटली.

शेवाळ.

हिरवंगार. ओलं. बोटांमधून पाणी ओघळून मनगटापर्यंत आलं. गावात आठ दिवस टँकर आला नव्हता. आणि त्या शेवाळात एक पीस, नखाएवढं. निळं.

"मोहिनी." तात्या उठून उभे राहिले. "खिळ्याला लाव. हात जोडतो. ओ दिली तर ती..."

"तर ती येईल. हो ना?"

"पोरी, ऐक मोठ्यांचं."

"न्हाई," ती म्हणाली. त्यांच्याच बोलीत, त्यांना नीट कळावं म्हणून. "तुमी कोयते मोजले. मी माणूस बोलवतीय."

ती फाटकाकडे तोंड करून उभी राहिली आणि शिट्टी फुंकली. तीन आखूड. एक लांब.

बाहेरची शीळ थांबली.

मोहिनीच्या मुठीतलं शेवाळ अजून ठिबकत होतं.

बाजेवर छबुबाई थोडी सरकून बसली. तेरा वर्षांच्या पोरीला जागा होईल, एवढीच.