सतरावं पान

पावसाची झड थांबायचं नाव घेत नव्हती. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या कॉम्प्युटर क्लासचा अरुंद जिना प्रतीक्षा घाईनं चढत होती, आणि वरून एक ओली छत्री तेवढ्याच घाईनं खाली येत होती. छत्रीनं तिला न्हाऊ घातलं.

"माफ करा... लागलं काय?" छत्रीमागून एक सावळा चेहरा डोकावला. "वर कुलूप हाय. थ्या प्रतीक्षा मॅडम कुठी भेटतीन? लय कडक हायेत म्हनते."

"कोण म्हणतं?"

"आख्खं अकोट म्हनते."

"मग भेटता कशाला?"

"माह्या पुस्तिकेचा निकाल त्यायच्या हाती हाय ना!"

प्रतीक्षानं पर्समधून किल्ली काढली आणि त्याच्या बाजूनं वर गेली. किल्ली पाहून त्यानं जीभ चावली.

म्हणजे हाच भगवंत म्हैसने. क्लासच्या अकोट शाखेत शिकवणारा. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून कॉम्प्युटरशी बोलायचं, त्याला शेल म्हणतात. त्या हुकमांची छोटी मराठी पुस्तिका त्यानं लिहिली होती, आणि ती तपासायचं काम तिच्याकडे होतं. संध्याकाळपर्यंत तिनं 'छापा' म्हटलं तर पुस्तिका अकोल्याच्या छापखान्यात जाणार. नाही तर क्लासचे मालक मोतीराम सर पुण्याहून तयार इंग्रजी पुस्तक मागवणार. कापसाला भाव नसल्यापासून अकोटच्या वर्गातल्या खुर्च्या रिकाम्या होत चालल्या होत्या. इंग्रजी पुस्तक आलं की उरलेलीही पोरं पळणार, शाखा बंद, आणि भगवंत पुण्याच्या नोकरीवर.

प्रतीक्षाला रात्रभर झोप नव्हती. पुस्तिका आवडली होती, हीच अडचण होती. ओळीओळीत कुणीतरी शेजारी बसून समजावतंय असं वाटत होतं... आणि आता तो माणूस खरोखरच शेजारी बसला होता. केसांतून पाणी गळत होतं, अंगाला विड्याच्या पानांचा हिरवा वास होता.

"घरचा पानमळा हाय," तिनं नाक मुरडलेलं पाहून तो म्हणाला. "आवडत नाई काय?"

"मी काही म्हटलं?" ती पटकन पुस्तिकेत शिरली. "सतरावं पान. हे लिहिलं तेव्हा विजेची लाइन नव्हती ना?"

तो चपापला. "तुमाले कोनं सांगतलं?"

"तुमच्या पुस्तिकेनंच. बाकी प्रत्येक हुकमाखाली पडद्यावरचं उत्तर जसंच्या तसं दिलंय. सतरापासून तीन पानं मात्र नुसतं 'उत्तर दिसेल'."

"लाइन सारखी जाऊन राहिली होती. उजेड होता तवर लिहून काढलं... आठवून."

"अनेक फाइलींचा एक गठ्ठा बांधायचा हुकूम. त्यात गठ्ठ्याचं नाव आधी हवं, तुम्ही शेवटी टाकलंय. मी चालवला. माझी पहिली फाइलच पुसली गेली. कच्ची होती म्हणून बरं."

भगवंतचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाला, "आता छापा म्हना ना... मागून दुरुस्त करतो."

"नाही."

"मी पुन्याले गेलो तरी?"

तिनं मान फिरवली. खिडकीबाहेर पन्हाळ धो धो वाहत होती. "तरी," ती म्हणाली. "तेल्हाऱ्याहून क्लासला येणारं एखादं पोर तुमच्यावर भरवसा ठेवून हाच हुकूम देईल, आणि फाइल त्याची जाईल."

तो रागावला असेल, उठून जाईल... तिला वाटलं. त्यानं खुर्ची पुढं ओढली. "बरोबर हाय. बसा, तिन्ही पानं चालवून पाहू."

बटणाकडे हात गेला, आणि लाइन गेली.

दोघंही हसली, पण प्रतीक्षाला स्वस्थ बसवेना. ती खिडकीपाशी जाई, घड्याळ बघे, परत येई. तो मात्र तिच्याकडेच बघत होता... तिनं वळून पाहिलं की पुस्तिकेकडे.

लाइन आली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. ती हुकूम वाचत गेली, तो टाइप करत गेला. एक चूक... आणखी एक... तिसरं पान बरोबर. प्रत्येक हुकमाखाली त्यानं पडद्यावरचं उत्तर पेन्सिलीनं उतरवलं. मोतीराम सरांचा फोन वाजला तेव्हा शेवटची ओळ नुकती पुरी झाली होती.

"छापा, सर," प्रतीक्षा म्हणाली. तिनं फोन ठेवला.

भगवंतनं छत्री उचलली. दारापर्यंत गेला, थबकला.

"मॅडम... एक राह्यलं. तुमी मले लय आवडता."

तिनं मान वर केली नाही. "हे आधी कुठं चालवून पाह्यलं काय?" तिची पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेली होती.

"नाई. आताच... पह्यल्यांदा."

"मंग खाली काय लिहान?"

"'उत्तर दिसेल'?"

"तसं मी पास नाई करत." प्रतीक्षानं त्याच्यापुढं पेन्सिल धरली. "उत्तर जसंच्या तसं लिहा... 'हो'."