भांडी आपटणारी सासू

पितळेचं पातेलं चुलीजवळून सुटलं ते घरंगळत थेट उंबऱ्याला जाऊन धडकलं, आणि सकाळीच सारवलेल्या जमिनीवर कुळथाचं कढण पसरलं.

"आपटा! अजून आपटा!" सारिका ओटीवरून तरातरा आत आली. "दोन घास सुखाचे खाऊ देऊ नका माणसाला! काय वाकडं केलंय मी तुमचं, आत्या? एकदा तोंडानं बोला तरी! भांड्यांकडनं काय बोलवता?"

"माझं घर, माझी भांडी," तुळसा म्हणाली. "आपटीन नायतर नाचवीन! तुला सोसवत नसंल तर जा की नवऱ्याकडं मुंबयला. कुणी दावं लावून बांधलंय तुला?"

सारिकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण तीही काही कमी नव्हती. पातेलं उचलून तिनं सासूपुढं ठेवलं, कढण तसंच राहू दिलं आणि पाय आपटत निघून गेली.

दोन भांडी एका घरात आली की वाजायचीच, असं म्हणतात. पण पोलादपूरच्या डोंगरातल्या त्या बारा उंबऱ्यांच्या वाडीत तुळसाच्या घरची भांडी वर्षभर जरा जास्तच वाजत होती. पाणवठ्यावर शेजारची मैना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे, "सून गुणाची मिळाली, पर म्हातारीला पचंना!" म्हातारी! तुळसाला अजून पंचावन्न पुरी नव्हती. ती मान खाली घालून पाणी भरी आणि बायका म्हणत, बघा, गुर्मी कशी ती, उत्तरसुद्धा देत नाही.

उत्तर काय देणार होती ती... तिच्या हातून भांडी आपटली जात नव्हती, निसटत होती! हे तिला ठाऊक होतं, महाडच्या डॉक्टरांना ठाऊक होतं आणि जीपवाल्या गनीला. चौथ्या माणसाला कळता कामा नये, म्हणून तिनं गनीला त्याच्या आईची शपथ घातली होती.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आधी बोटांना मुंग्या आल्या. मग चोळीचे हूक लागेनात, तांदळातला खडा बोटांना सापडेना. बांधावरून चालताना पायाखाली जमीन नसून कापूस असावा तसं वाटे आणि पाय भलतीकडंच पडे. दहा वर्षांची असल्यापासून डोक्यावर भारा वाहिलेली बाई ती. मान दुखली तर कपाळाला चुना लावून पुन्हा भारा उचलायचा, एवढंच औषध तिला माहीत! पहिल्यांदा हातातून तांब्या पडला तेव्हा सारिका हसतच म्हणाली होती, "एवढा राग कुणावर, आत्या?" चौथ्या-पाचव्या वेळेला मात्र ती हसली नाही.

गणपती झाल्यावर भावाकडं जाते असं सांगून तुळसा गनीच्या जीपमध्ये बसली. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईहून मानेचा एमआरआय काढून आणायला लावला. गनीच्या बहिणीच्या घरी एक मुक्काम करून तिनं तोही आणला. डॉक्टरांनी तो काळा कागद उजेडाला धरून बघितला.

"मावशी, मणक्यांच्या मधून मज्जारज्जू जातो ना, मानेत त्याची वाट अरुंद झालीय. तो दाबला जातोय. म्हणून हात चालत नाहीत, म्हणून तोल जातो."

"भाऱ्यानं झालं?"

"वयानं मणके झिजतात, ओझ्यानं त्यात भर पडते. मानेला पट्टा देतो, गोळ्या देतो, दुखणं कमी होईल... पण दाब हटणार नाही. ऑपरेशन केलं तर आजार बहुतेक आहे तिथं थांबेल. गेलेली ताकद सगळी परत येईल, असं खोटं मी सांगणार नाही. शिवाय मानेचं काम आहे, धोका असतोच. काहींचं ऑपरेशन न करताही वर्षानुवर्षं निभतं, पण तुमचं वाढतंय. एखाद्या पडण्याचं निमित्त होईल आणि हातपाय जागच्या जागी राहतील. विचार करायला फार वेळ नाही. घरच्यांना घेऊन या."

घरच्यांना! नेमकं तेच तर तिला करायचं नव्हतं...

तुळसा लग्न होऊन या घरात आली त्याच वर्षी तिची सासू अंथरुणाला खिळली. नवरा मोरू मुंबईला गिरणीत. "आयेला बघाया कोन हाय?" असं म्हणून तो बायकोला वाडीवर ठेवून गेला. शिमगा आणि गणपती, वर्षातून दोनदा नवरा! सासूचं हगणंमुतणं काढण्यात अकरा वर्षं गेली. सासू गेली तेव्हा मोरू म्हणाला, आता पावसाळा सरला की तुला नेतो. पण पावसाळ्यातच तापानं तो गेला आणि वाडीवर तार आली. त्यांच्या संसाराचे सगळे दिवस जोडले असते तर दोन वर्षंही भरली नसती! शेवटच्या गणपतीला त्यानं आणलेली चिनी मातीची बरणी तेवढी राहिली. पांढरी, तपकिरी गळ्याची. तुळसा तिच्यात आंब्याचं लोणचं घाली आणि वर्षातून एकदा स्वतःच्या हातानं ती धुई.

आणि आता मुलगा दीपेश मुंबईला कुरियरच्या नोकरीत, आणि सारिका त्याच ओटीवर, त्याच वाटेकडं डोळे लावून! भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती शिमग्यापर्यंतच्या तारखा खोडत होती. दीपेश प्रत्येक खेपेला म्हणे, "आईला एकटी कशी टाकू?" हे दुखणं कळलं असतं तर तो प्रश्नच मिटला असता. सासूसारखीच सूनही जन्मभर त्या ओटीवर राहिली असती. माझं झालं ते झालं... या पोरीचं नाही होऊ देणार, असं तुळसानं मनाशी बांधलं. तिनं तो काळा कागद कणगीमागं सारला, पट्टा तांदळात पुरला आणि ती वाईट सासू व्हायला लागली. अवघड काहीच नव्हतं. निम्मं काम तर तिचे हातच करत होते!

सुनेच्या माहेराचा उद्धार झाला, तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवून झाली. सारिकानंही मग सासूशी अबोला धरला, तो तोडला तो फक्त भांडायला. शेवटी दिवाळीनंतर दीपेशनं विक्रोळीला खोली बघितली.

निघायच्या दिवशी गनीची जीप अंगणात उभी राहिली. दीपेशनं पेटी उचलता उचलता आईकडं न बघताच म्हटलं, "जिंकलीस ना, आई? बस आता भिंतींशी भांडत! बोलावल्याशिवाय मी यायचा नाय."

तुळसा म्हणाली, "बोलावतंय कोन!"

इथपर्यंत सगळं तिच्या मनासारखं झालं होतं. इथंच ती चुकली! सारिकाला ते लोणचं फार आवडे. भांडणाच्या दिवसांतसुद्धा ती ताटात हळूच फोड घेई, हे तुळसानं पाहिलं होतं. कुणाचं लक्ष नाही असं बघून तिनं फळीवरची बरणी काढली. सामानात गुपचूप ठेवून द्यावी... परक्या गावात पोरीला जेवणाला चव तरी येईल. दोन पावलं टाकली, आणि बोटांनी दगा दिला.

बरणीचे तुकडे तुकडे झाले.

"बघा!" सारिका दारातून किंचाळली. "जाताना लोणच्याची फोडसुद्धा मिळू नये मला, म्हणून फोडलीत! केवढं हे वैर!"

"हो, फोडली!" तुळसा म्हणाली, आणि खाली बसून तुकडे गोळा करायला लागली. लाल तेलात, तिखटामिठात तिचे हात फिरत होते. सारिका पाठ फिरवणार तोच तिला दिसलं, तेलात रक्त मिसळत होतं. एक टोकदार तुकडा सासूच्या तळव्यात रुतून बसला होता, जखमेत तिखट भरत होतं... आणि सासूच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता! ती रडत होती ती बरणीकडं बघून.

सारिका परत फिरली. मामंजींची बरणी! जिला कुणाला हात लावू दिला नाही ती! रागात माणूस दुसऱ्याचं फोडतो, आपल्या जिवाचं कोण फोडेल?

"आत्या, हाताला काय लागलंय?"

"कुठं? काय नाय."

सारिकानं तिचा हात धरून तुकडा उपटला. तुळसानं साधं 'स्स' केलं नाही. सारिकानं बोट दाबलं, चिमटा काढला. काही नाही. दारात पेटी घेऊन उभ्या गनीची मान खाली गेली.

"गनीभाय, तुमाला ठाव हाय!"

"मला शपथ घातलीय, वैनी," गनी पुटपुटला. मग त्यानं पेटी दाणकन खाली ठेवली. "पर माझी आई असती तर तिनंच ही शपथ मोडायला लावली असती. मावशे, तू सांगतेस का मी सांगू?"

तुळसा पुन्हा तुकडे वेचायला लागली. गनीनं सगळं सांगितलं. कणगीमागचा कागद निघाला, तांदळातून पट्टा निघाला. दीपेश उंबऱ्यावरच बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

सारिका मात्र रडली नाही. ती पेटली!

"माझ्यावर उपकार केलेत? कुणी मागितले होते? वर्षभर मी तुमाला शिव्या घातल्या, देवापुढं उभी राहून वाईट चिंतलं तुमचं! उद्या तुमी इथं एकट्या पडला असता, तर ते पाप कुणाच्या माथी आलं असतं? माझ्याच ना! तुमी मला विचारलं तरी का, की पोरी, तुझ्या मनात काय हाय?"

"विचारलं असतं तर तू राहिली असतीस," तुळसा म्हणाली. "मीबी राहिले होते गो..."

सारिकानं पदर फाडून सासूचा हात बांधला, गळ्याला पट्टा आवळला आणि तसल्याच रागीट आवाजात म्हणाली, "मी राहनार नाय. तुमी चला. गनीभाय, खड्डा चुकवत न्या, धक्का बसता कामा नये!"

"आणि घर? गुरं?"

"मैनाला सांगते. वर्षभर लय कणव येत होती तिला माझी!"

मुंबईच्या सरकारी इस्पितळात सर्जननं धोका पुन्हा सगळा समजावला. दीपेशचा सही करायचा हात अडला. तेव्हा तुळसा म्हणाली, "कर. नशिबानं सोडलं तर सोडलं. पर आता लपवाया माझ्यापाशी काय उरलं नाय."

ऑपरेशन झालं. पाय बरेच सावरले. हात हट्टी निघाले. दीड महिन्यानं विक्रोळीच्या खोलीत सारिकानं तिच्या हातात स्टीलचा पेला दिला. बोटं त्याच्याभोवती वळली, थरथरली... आणि पेला खणखणत दारापर्यंत गेला. तोच आवाज! वर्षभर ज्यानं दोघींचं रक्त आटवलं तो! तुळसानं ओशाळून डोळे मिटले.

सारिका उठली, पेला उचलून पदरानं पुसला आणि पुन्हा सासूच्या हातात दिला.

"आपटा," ती म्हणाली. "अजून आपटा, आत्या. मी हाय उचलायला."