वाळूच्या डब्यातलं पाचवं थोटूक

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. मनोरुग्णालयाचं मागचं अंगण. चहूबाजूंनी उंच भिंत, एकच दार, पाच लोखंडी खुर्च्या, मधोमध वाळू भरलेला पत्र्याचा डबा. रुग्णांची सिगारेटची वेळ.

मी वर्तमानपत्रासाठी एका मृत्यूची चौकशी करायला गेलो होतो. सोबत मृताची मुलगी होती. तिच्याजवळच्या कागदावर लिहिलं होतं की वडील पहाटे पलंगावर, झोपेतच गेले. पण घरी आणलं तेव्हा त्यांच्या पायांत चपला होत्या.

"झोपताना चपला कोण घालतं, काका?" एवढाच तिचा प्रश्न. तीस वर्षं मी असले कागद वाचतोय. एवढा साधा प्रश्न एकाही साहेबाला पडला नव्हता.

अंगणाचा कारभार वॉर्डबॉय मामांकडे. लायटर त्यांच्या कमरेला दोरीने बांधलेला. प्रत्येकाची सिगारेट तेच पेटवणार, ओढून झाली की थोटूक वाळूत. माणसांइतकी थोटकं भरली की सगळे आत आणि दाराला कुलूप.

"मामा, अंघोळीला तरी सोडता का हो तो लायटर?" एका रुग्णाने विचारलं. बाकीचे तिघे हसले. त्या दिवशी चौघंच होते.

चार सिगारेटी पेटल्या. रोज डब्यात एक थोटूक जास्त निघतं, असं मामा सांगत होते, म्हणून मी लायटर मागून माझ्या खिशात टाकला. मला कोणी बनवलेलं चालत नाही.

वारा होता. चौघांचा धूर भिंतीकडे पळत होता. मग कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीवरून पाचवी रेघ उठली... सरळ, बारीक, वाऱ्याला न जुमानता. चौघांनीही पाय आवरून घेतले, जाणाऱ्याला वाट द्यावी तसे.

"आले," मघाचा थट्टेखोर हळूच म्हणाला.

मी घाबरलो नाही. मी उठून उभा राहिलो, कोणी वडीलधारं आल्यावर राहावं तसा. का, ते मला आजही सांगता येत नाही. धूर वर जात राहिला. आत कुठेतरी वाजणारं भांडंसुद्धा थांबलं होतं.

धूर सरला तेव्हा मामांनी डबा उपडा केला. पाच थोटकं. पाचवं अजून कोमट, एका बाजूने चावून चपटं झालेलं.

मुलीने ते तळहातावर घेतलं. "बाबा असंच चावायचे... डाव्या दाढेखाली."

मामांनी रिकामा डबा खाली ठेवला. "त्या दिवशी मी थोटकं मोजली, ताई. माणसं मोजली नाहीत. एकाने लपवून आणलेली दुसरी ओढली. पाच भरली, मी कुलूप लावलं. बाबांचा कोपऱ्यात डोळा लागला होता... न पेटवलेली सिगारेट बोटांत तशीच."

"आणि रात्री पलंग रिकामा दिसला नाही कोणाला?" मी ओरडलो.

"थंडी फार होती साहेब. कोणी फेरीच मारली नाही. सकाळी मोठे साहेब म्हणाले, उचला आणि पलंगावर ठेवा."

"मामा, हे छापून आलं तर तुमची नोकरी जाईल," मुलगी म्हणाली.

"जाऊ दे, ताई. ते रोज येतात. मी कुठवर मान खाली घालून डबा उपडा करू?"

मी छापलं. मामा निलंबित झाले. रुग्णालयाचं लेखी उत्तर आलं: सदर रुग्ण त्या दिवशी अंगणात गेला नव्हता, तो धूम्रपान करतच नव्हता. वर शहाणपणा म्हणून सिगारेटची वेळच बंद केली. चौकशी समितीने लायटर जप्त केला, वाळू चाळून डब्यात परत भरली आणि दाराला लाखेचं सील ठोकलं.

सात दिवसांनी समितीने माझ्यादेखत सील तोडलं. तोवर लाख शाबूत होती. अध्यक्षांनी स्वतः डबा उपडा केला.

वाळूत सात थोटकं होती. सातही तशीच, एका बाजूने चावून चपटी झालेली.

समितीच्या अहवालात त्या थोटकांचा उल्लेख नाही. मी समितीला तीन पत्रं पाठवली आहेत.