सूर नसताना वर केलेलं बोट

पहिल्याच भेटीत तिने चुकीच्या वेळी बोट वर केलं होतं.

तो कान तपासणारा. लोक त्याला डॉक्टर म्हणत आणि ‘मी डॉक्टर नाही हो, नुसते कान तपासतो,’ हे सांगण्यात त्याचा निम्मा दिवस जाई. ती ग्रंथपाल, डाव्या कानात शिट्टी वाजते म्हणून आलेली. त्याने तिला आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले आणि काचेपलीकडून माइकवर नेहमीचं वाक्य म्हटलं — “सूर ऐकू आला की बोट वर करा. कितीही बारीक असला तरी.”

सगळं नीट चाललं होतं. मधेच त्याचं पेन घरंगळलं, म्हणून तो थांबला. यंत्र गप्प होतं. आणि तिने, थेट त्याच्याकडे बघत... बोट वर केलं.

अहवालात त्याने लिहिलं, ‘शंकास्पद. पुन्हा तपासणी.’ पुन्हा तपासणीत पुन्हा तेच! तिसऱ्या खेपेला कान ठणठणीत निघाले. आता बोलवायला कारणच उरलं नाही, म्हणून घाबरत घाबरत त्याने तिला कॉफीला विचारलं. वर्षभरात लग्न झालं.

लग्नाला आठ महिने झाले होते आणि गेले तीन आठवडे त्याची झोप उडाली होती. ती जेवता जेवता थांबायची, त्याच्याकडे बघायची, “ऐक ना...” म्हणायची, आणि मग — “काही नाही. भाजी वाढू?”

या ‘काही नाही’मध्ये नक्की काय आहे, हे त्याला कळेना. बारीकातला बारीक सूर पकडायला लावणारा माणूस, पण बायकोच्या गप्प राहण्याचा त्याला थांग लागत नव्हता. ही आपल्याला कंटाळली तर नाही?

मग एका सकाळी तिने टेबलावर दोन तिकिटं ठेवली. हेवी मेटलची मैफल! तिकिटावर जळती कवटी.

“हे... कुणासाठी?”

“आपल्यासाठी. मला तुला काहीतरी सांगायचंय.”

“मग इथेच सांग की.”

“इथे नाही जमत,” ती म्हणाली आणि वाचनालयात निघून गेली. दिवसभर लोकांना ‘श्श’ करून गप्प बसवायला.

त्याला काही कळेना. घरात बसून सांगता येत नाही आणि जिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही तिथे सांगता येतं, अशी कुठली गोष्ट असते? आणि मुळात, हेवी मेटल? तिच्या हेडफोनमध्ये काय वाजतं हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. ‘आवाज कमी ठेव’ एवढंच तो सांगायचा.

दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टबाईंनी भर घातली. “सर, वाईट बातमी लोक गर्दीतच सांगतात. रडारड होत नाही.”

घाबरलं की तो काम करी. त्याने दोघांच्या कानांचे साचे घेतले आणि इअरप्लग बनवले. इतके सुरेख की आयुष्यात कधी बनवले नव्हते.

बंदिस्त स्टेडियममध्ये काळ्या टी-शर्टांचा समुद्र होता आणि त्यात इस्त्रीचा आकाशी शर्ट घातलेला तो एकटा. हातात आवाज मोजायचं यंत्र. शेजारी खिळ्यांचा पट्टा बांधलेला एक दाढीवाला. “काका, दिसतंय ना नीट? मी सरकू का?” त्याने अदबीने विचारलं. काका! वय वर्षं बत्तीस!

दिवे गेले. पहिला ठोका थेट छातीत बसला. यंत्रावर आकडा एकशे सातला गेला आणि त्याने वळून बघितलं तर... ती हीच का? झुरळालासुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारी त्याची बायको केस मोकळे सोडून मान गरागरा फिरवत होती. तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की त्याला तो फार आवडला आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. हा आनंद आपल्या घरात का नाही दिसत?

दुसऱ्या गाण्यात ती त्याच्या कानाशी आली. तिचे ओठ हलले. तिने अपेक्षेने बघितलं. त्याने मान डोलावली, कारण दुसरं काय करणार? तिसऱ्या गाण्यात पुन्हा तेच. चौथ्यात तिने त्याचा दंड घट्ट धरला, डोळे मिटले आणि काहीतरी बोलली. त्याने आपला अंगठा दाखवला.

गाणं संपलं. गिटारवाला तारा बदलायला गेला आणि तेवढ्यापुरतं शांत झालं. तिने आपले प्लग ओढून काढले. डोळ्यांत पाणी.

“तीनदा सांगितलं मी... आणि तू अंगठा दाखवतोस?”

“मला ऐकूच आलं नाही गं!”

“बेंबीच्या देठापासून ओरडले मी!”

“नाही...” तो ततपप करत म्हणाला. “प्लग घातले की आपला आवाज आपल्यालाच मोठा वाटतो. तू कुजबुजत होतीस. वाचनालयातल्यासारखी.”

ती बघतच राहिली. “आणि हे तू मला आत्ता सांगतोस?”

“सांग ना पुन्हा.”

“आता कसं सांगू? शांत आहे!”

आता मात्र त्याचा धीर सुटला. “तू... मला सोडून चाललीयेस का?”

“काय?” ती इतक्या मोठ्याने म्हणाली की दाढीवाला दचकला. “अरे देवा! मला सांग, त्या दिवशी काचेपलीकडे सूर वाजत नसताना मी बोट का वर केलं होतं?”

“डाव्या कानात भास होत असेल...”

“भास! लग्न झालं, संसार मांडला, आणि हा माणूस अजून डाव्याच कानात अडकलाय!”

त्याच्या डोक्यात उशिरा, पण एकदाची बत्ती पेटली. भास नव्हता. तिला पुन्हा यायचं होतं. आणि गेले तीन आठवडे ती जे बोलू बघत होती ते...

त्याने दोन्ही कानांतले प्लग काढून खिशात टाकले. आजूबाजूला हजारो हात वर होते, प्रत्येकाची तर्जनी आणि करंगळी उभी, ही मेटलच्या चाहत्यांची खूण. त्यात त्याने एकच बोट वर केलं, थेट तिच्याकडे बघत.

“मी अजून काही बोललेच नाही,” ती म्हणाली.

“मीही तेव्हा सूर दिला नव्हता.”

ती हसली, रडली, तिने नाक पुसलं. मग त्या अवघड शांततेत, पहिल्यांदाच, अगदी हळू म्हणाली, “माझं तुझ्यावर... फार प्रेम आहे. आमच्या घरी असं कुणी कुणाला म्हणत नाही रे. म्हणून म्हटलं, ओरडून टाकू.”

दाढीवाल्याने शहाण्यासारखी मान दुसरीकडे वळवली.

“ऐकू आलं?” तिने विचारलं.

“शंकास्पद,” तो म्हणाला. “पुन्हा तपासणी करावी लागेल.”

“कधी?”

“रोज.”

ढोल कडाडले. तिने त्याच्या खिशातून प्लग काढले आणि स्वतःच्या हाताने त्याच्या कानात बसवले.