कललेलं तेल

धाकट्या मिस्त्रीला साठावं लागलं होतं, डोक्यावर काळा केस शोधून सापडला नसता, तरी सगळे त्याला ‘धाकटे मिस्त्री’च म्हणत. थोरला मिस्त्री म्हणजे त्याचा दादा. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी चिंधीला हात पुसून तो वर्कशॉपमधून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. पुलावरून चालत जाताना एकाने त्याला पाहिलं होतं. त्यापुढे कुणीच नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, लांबची गावं पालथी घालून झाली. माणूस मिळाला नाही, पण नाव जागचं हललं नाही. थोरला नसला तरी हा आपला धाकटाच.

वर्कशॉप रस्त्याला लागून होतं आणि एका दारापलीकडे घर. घरात दोघंच, तो आणि वहिनी. धाकट्याने लग्न केलं नव्हतं. वहिनींनी दादाविषयी त्याला एका शब्दानेही कधी विचारलं नव्हतं, आणि हेच त्याला जास्त जड जाई. कारण त्या दुपारी काय झालं ते वहिनींनी दाराआडून ऐकलं होतं. वर्कशॉपमध्ये दोन लेथ, लोखंड कातायची मशीनं. एक नवं, छोटं, रोजच्या कामाचं. दुसरं दादाचं, बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेलं, बिडाचं, एका माणसाला दोन हातांत कवटाळता न येणारं. ते विकून टाकावं म्हणून धाकटा वर्षभर मागे लागला होता. त्या दिवशी शब्दाने शब्द वाढला आणि तो बोलून गेला, “या भंगारापायी माझं आयुष्य सडलं. जा, तू आणि तुझं मशीन, दोघं एकदमच जा.”

मशीन राहिलं. त्यावर ताडपत्री पडली ती अकरा वर्षं.

“भाऊजी,” एका सकाळी वहिनी चहा देताना म्हणाल्या, “ह्यांचं मशीन एकदा चालू कराल?”

कप ओठापर्यंत नेलेला तसाच राहिला. “आत्ताच काय आठवलं?”

“आवाज ऐकावासा वाटतो. या गुडघ्याचं आणि माझं अजून किती दिवस जमतंय, कोण सांगावं.” काठी टेकत त्या आत गेल्या.

त्याने ताडपत्री काढली. मशीन दणकट होतं. गंज वरवरचा होता. पट्टा बदलला, घाण तेल काढून डबा धुतला. अडलं ते तेलाच्या काचांपाशी. गिअरच्या डब्याला रुपयाएवढ्या दोन गोल खिडक्या होत्या, एक समोर, एक डाव्या कडेला. आत तेल किती आहे ते त्यांतून दिसायचं. पण त्या जुन्या काचा म्हाताऱ्याच्या डोळ्यासारख्या पिवळट, आंधळ्या झाल्या होत्या, आणि एकीला तडा जाऊन तेल पाझरत होतं. असल्या काचा आता कुठल्या दुकानात मिळणार? घरीच करायच्या.

अ‍ॅक्रिलिकचा जाड रॉड त्याने छोट्या लेथवर धरला. हे काम वरून सोपं दिसतं. पण हत्यार बोथट असलं की प्लास्टिक तापतं, वितळून दोऱ्यासारखं गुंडाळतं. त्याने हत्याराला धार लावली, साबणाचं पाणी थेंबथेंब सोडलं आणि माप येईपर्यंत केसाकेसाने कातत गेला. रबरी कड्यासाठी खाच पाडली. घट्ट बसवलं तर पुन्हा तडा जाणार, म्हणून अंगठ्याने दाबून बसेल एवढीच सैल. कापून काढल्यावर चकत्या दुधाळ दिसत होत्या. मग बारीक, त्याहून बारीक, मग बोटाला जाणवणारही नाही असा पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून. शेवटी पेस्ट आणि फडकं. घासता घासता एका क्षणी चकती नाहीशीच झाली आणि पलीकडे त्याच्या स्वतःच्या बोटाच्या रेषा दिसल्या. मागे पांढऱ्या रंगाची पातळ चकती लावली, म्हणजे तेल उठून दिसावं. दोन्ही काचा बसवल्या, डबा निम्मा भरला आणि तो खाली वाकून बघू लागला.

तेलाची रेष तिरकी होती.

मशीन कललं असेल. त्याने पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. मग काच वाकडी असेल. काच काढून फिरवून बसवली. रेष तशीच, उजवीकडे किंचित चढलेली. कडेच्या काचेतही तेच, तिथे ती रस्त्याच्या बाजूला चढलेली. त्याने शेजारी वाटीत पाणी ठेवलं. ते सपाट. वाटीत तेल ठेवलं. तेही सपाट. फक्त त्या डब्यातलं तेल, कुणीतरी हाक मारावी आणि मान वळावी तसं, एका बाजूला ओढलेलं.

“डोळे तपासून घ्यायला हवेत,” तो स्वतःशी म्हणाला. मग कोनमापक आणला. एक अंश.

धाकटा मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. दोन काचांमधले दोन उतार मांडून त्याने दिशा काढली आणि जमिनीवर खडूने रेघ ओढली. रेघ दारातून बाहेर जात होती, पुलाच्याही पलीकडे. दुसऱ्या दिवशी कोन जरा जास्त भरला. तिसऱ्या दिवशी आणखी जरा. मशीन चालू केलं की तेल घुसळून जाई, बंद केलं की शांत होऊन परत तिरकं. काम मात्र ते झकास करत होतं. त्याचा तो घुमणारा, घशातला आवाज घरभर जाई आणि वहिनी आत लाटणं थांबवून ऐकत.

चौथ्या दिवशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. जमिनीवरच्या खडूच्या रेघा बघितल्या. काठीवर भार देत वाकल्या आणि काचेत पाहिलं.

“हे असंच असतं?”

“नाही.”

“मग?”

“काही कळत नाही, वहिनी. बिडात कुठे चुंबक वगैरे—” त्याला स्वतःलाच ते पटेना. तेलाला कसलं चुंबक!

वहिनींनी खडूच्या रेघेवर काठीचं टोक ठेवलं आणि ती ज्या दिशेला जात होती तिकडे बराच वेळ पाहिलं. मग आत गेल्या. दुपारी त्याने पाहिलं, दादाचा निळा शर्ट धुऊन दोरीवर घातला होता.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला कोन दोन अंश होता, आणि रेघ नेमकी पुलावर.

त्याने काम बाजूला ठेवलं आणि मशीनसमोर स्टूल घेऊन बसला. साडेदहाला दिशा बदलली. नव्याने रेघ मारली. वखार. चार अंश. तो रस्ता तीस वर्षं त्याच्या पायाखालचा होता. पुलावरून वखार, वखारीला वळसा घालून शाळा, शाळेपासून शिंप्याच्या दुकानाचं वळण, मग घर. तेल सरळ रेषेत येत नव्हतं. वखारीपाशी ते वळलं. शाळेच्या भिंतीकडेने सरकलं. रस्त्याने येणाऱ्या माणसासारखं.

“वहिनी,” त्याने हाक मारली.

“ठाऊक आहे,” आतून उत्तर आलं. “तुम्ही बसा तिथेच.”

शिंप्याचं वळण. नऊ अंश. त्याने उठून दारातून बाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं. शिंपी दुकानात मान खाली घालून शिवत होता. एक सायकलवाला गेला. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

तो परत आला तेव्हा तेल काचेच्या एका कडेला इतकं चढलं होतं की रेष जवळजवळ उभी झाली होती. अर्धी काच तेलाची, अर्धी पांढरी.

मग ते एकदम सपाट झालं.

अगदी सपाट. पाणसळीने आखावं तसं.

धाकटा मशीनच्या हँडलपासून हातभर अंतरावर उभा होता. हात पुढे करायचं त्याला धाडस झालं नाही. त्या हातभर जागेत काहीच नव्हतं, आणि ती रिकामीही वाटत नव्हती.

“दादा,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

रस्त्यावर शिलाई मशीन चालू झालं आणि थांबलं. हात पुसायला जितका वेळ लागतो, तितका वेळ गेला.

तेल हळूच घराच्या दाराकडे कललं.

तो तिथेच उभा राहिला. आतून वहिनींचा आवाज आला, हलका, शब्द न कळणारा. मग त्या हसल्या. अकरा वर्षांत त्याने ते हसू ऐकलं नव्हतं. कसं असतं तेही तो विसरला होता. तो पाच मिनिटं तसाच थांबला. दादा आपल्यापाशी पुन्हा येईल, असं त्याला वाटत होतं.

आत शांत झालं तेव्हा तो गेला.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पिठाचा गोळा ताटाखाली झाकलेला. गॅस बंद. मागचं दार उघडं, दोरीवर निळा शर्ट नाही. वहिनींची काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. त्या काठीशिवाय वहिनींना उंबरासुद्धा ओलांडता येत नसे.

तो बोळातून धावत रस्त्यावर आला, वळणापर्यंत गेला. “वहिनी इथून गेल्या का?”

शिंप्याने मान वर केली. “नाही बुवा. मी सकाळपासून इथेच आहे. का हो, काय झालं?”

त्याला धाप लागली होती. रस्ता शाळेपर्यंत स्वच्छ दिसत होता, मोकळा. तो परत फिरला, वर्कशॉपमध्ये येऊन गुडघ्यांवर बसला आणि काचेत पाहिलं. दिशा काढताना दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. शिंप्याचं वळण. जिथे मघाशी तो स्वतः उभा होता, तिथेच.

पुन्हा धावून उपयोग नव्हता, हे त्याला तेव्हाच कळलं. तो स्टुलावर बसून राहिला. शाळेपाशी रेघ आली तेव्हा दुपार कलली होती. वखारीला वळसा घातला तेव्हा शाळा सुटली आणि पोरं कलकल करत दारावरून गेली. शेवटी पूल आला. त्याने कोनमापक लावला, नीट बघून पुन्हा लावला. सकाळी याच पुलावर दोन अंश होते. आता चार.

सकाळी पुलापासून घरापर्यंत यायला तासही लागला नव्हता. जाताना सगळी दुपार गेली. रेष मध्येच थांबायची, दहा-दहा मिनिटं जागची हलायची नाही. गुडघा दुखतो म्हणून कुणीतरी रस्त्याच्या कडेला बसावं, आणि दुसऱ्याने शेजारी उभं राहावं, तशी. मग पुन्हा चालू लागायची.